मैदान मुलींचं, किल्ली कुणाची?

‘मुलींसाठी वेगळी सोय केली आहे’, हे वाक्य आपण सगळ्याजणींनी ऐकलेलं आहे. मग ती बसमधली राखीव जागा असो, नाहीतर पंचायतीतली राखीव खुर्ची. सोय हवीच. तिच्यासाठी आपण भांडलोही आहोत. पण सोय मिळाली म्हणजे हक्क मिळाला का? सॉफ्टबॉलचा इतिहास पाहताना हाच प्रश्न सारखा समोर येतो.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो. बेसबॉलसारखाच खेळ, मैदान लहान, चेंडू मोठा आणि तो फेकायचा खांद्याखालून. हा खेळ काही बायकांसाठी निघाला नव्हता. १८८७ साली शिकागोच्या एका बोट क्लबात पुरुषांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला, तिथून याची सुरुवात. १९३३ साली अमेरिकेत राष्ट्रीय संघटना झाली आणि त्याच वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत बायकांचे संघही उतरले.

मग तो ‘बायकांचा खेळ’ कसा ठरला? बेसबॉलचं दार बंद होतं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा १९४३ साली स्त्रियांची व्यावसायिक लीग काढण्यात आली. खेळाडू आणल्या त्या सॉफ्टबॉलमधूनच. त्यांना आखूड झग्यात खेळावं लागे. घसरत बेस गाठताना मांड्या सोलवटून निघत. वर ‘बाईसारखं’ कसं वागावं, दिसावं याचेही धडे. १९५२ साली पुरुषांच्या व्यावसायिक बेसबॉलने स्त्रियांशी करार करायला बंदी घातली आणि १९५४ नंतर स्त्रियांची लीगही बंद पडली.

१९७२ साली न्यू जर्सीतल्या होबोकन गावी मरिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगच्या संघातून मुलांबरोबर बेसबॉल खेळली. तीनच सामने! ‘हिला काढा, नाहीतर गावाची मान्यता काढून घेऊ’, अशी तंबी वरून आली. तिथल्या राष्ट्रीय स्त्री संघटनेने तिची बाजू घेऊन दाद मागितली. निकाल मुलींच्या बाजूने लागला, पण तोवर मरियाचं खेळायचं वय उलटून गेलं होतं. १९७४ साली लिटल लीगने मुलींना दार उघडलं आणि त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलही सुरू केला. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्या हाताने शेजारची खोली दाखवली.

त्या खोलीत मुलींनी काही कमी केलं नाही. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला आणि महाविद्यालयांतून मुलींचे संघ उभे राहिले. जागतिक स्पर्धा तर बायकांचीच आधी भरली, १९६५ साली मेलबर्नला. पुरुषांची पुढच्या वर्षी. १९९६ साली अटलांटाला सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये आला, तो फक्त स्त्रियांसाठी.

पण तिथेही पुरुषांच्या बेसबॉलची जोडीदारीण म्हणूनच त्याच्याकडे पाहिलं गेलं. बेसबॉलवर आक्षेप होते उत्तेजक द्रव्यांचे आणि नामवंत खेळाडू न येण्याचे. २००५ साली सिंगापूरला मतदान झालं आणि दोन्ही खेळ बाहेर गेले. सॉफ्टबॉलच्या बाजूने ५२, विरुद्ध ५२, एक तटस्थ. बहुमत नाही म्हणून २००८ नंतर गच्छंती. मतदारांत बहुसंख्य पुरुष होते, हे सांगायला नकोच. परत येण्यासाठी २०१३ साली बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांची एकच जागतिक संघटना करावी लागली. टोकियोला खेळ परतला, २०२४ साली पॅरिसला पुन्हा वगळला गेला. २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी पुन्हा होकार मिळाला, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरलेल्या बैठकीत! क्रिकेटही त्याच बैठकीत आलं. आपल्याकडे गाजावाजा झाला तो क्रिकेटचाच.

म्हणून मला वाटतं, वेगळं मैदान की सामाईक मैदान, हा वाद अपुरा आहे. वेगळ्या मैदानावर बायकांना बळ मिळतं, हे सॉफ्टबॉलने दाखवलं. पण मैदानाची किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर ते कधीही काढून घेता येतं, हेही त्यानेच दाखवलं. राखीव खुर्चीवर बाई बसवून सह्यांचा कागद नवऱ्याने वाचायचा, हा प्रकार याहून फार वेगळा नाही.

मैत्रिणींनो, आपल्या तालुक्यात मुलींचा संघ असेल, तर टाळ्या वाजवून थांबू नका. मैदान मुलींना किती वाजता मिळतं? कपडे बदलायला जागा आहे का? जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीत बायका किती, आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात? ही उत्तरं मिळेपर्यंत विचारत राहू या.