काचेचे मोल आणि नावाचे मोल



रावेरहून एका पित्याचे पत्र आले आहे. कापडाचे दुकान पिढीजात. धाकटा मुलगा मात्र दुकानात न बसता छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. लग्ने, तपस्वींची पारणी, वरघोडा, दीक्षार्थींची मिरवणूक अशी कामे त्याला सावदा, फैजपूर आणि पार बऱ्हाणपूरपर्यंत मिळतात. त्याच्याजवळ पाच वर्षांपासून दुसऱ्या कंपनीची लेन्स आहे. आता त्याला कॅमेरा ज्या कंपनीचा, त्याच कंपनीची लेन्स हवी आहे. किंमत जवळजवळ दुप्पट. दिवाळीच्या खरेदीसाठी राखलेल्या भांडवलातून दोन लाख रुपये काढावे लागतील. “फोटो आताही चांगलेच येतात, मग हे दोन लाख कशाचे?” हा पित्याचा प्रश्न, आणि “तुम्हाला यातले कळत नाही” हे मुलाचे उत्तर. घरात आठ दिवस दोघांचे नीट बोलणे नाही.

प्रश्न लेन्सचा आहे, परंतु आपल्या प्रत्येक पेढीवर तो या ना त्या रूपाने येतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्या कंपनीची लेन्स, जिला बाजारात थर्ड पार्टी लेन्स म्हणतात, ती म्हणजे नकली माल नव्हे. टॅमरॉन ही जपानी कंपनी १९५० साली सुरू झाली. तिचे नाव संस्थापकावरून नव्हे, तर भिंगांची रचना करणारे तंत्रज्ञ तामुरा यांच्यावरून पडले आहे. सिग्मा ही १९६१ ची. या कंपन्या आपल्या मालावर स्वतःचेच नाव छापतात. सोनीसारखी स्वतः कॅमेरे बनवणारी कंपनी टॅमरॉनची एक मोठी भागधारक आहे. तेव्हा असा माल वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मग जास्तीची किंमत कशाची? व्यापाऱ्याने तिचे घटक वेगवेगळे मांडून पाहावेत.

पहिला घटक प्रकाशाचा. अनेक साधू-साध्वी विद्युत्प्रकाशात तेउकायाची विराधना मानतात. त्यांच्यासमोर फ्लॅश उडवणे शोभत नाही. तेथे लेन्सने स्वतःच अधिक प्रकाश आत घेतला पाहिजे. हे सामर्थ्य लेन्सवर छापलेल्या एफ या आकड्यावरून कळते. एफ ५.६ च्या तुलनेत एफ २.८ ची लेन्स चौपट प्रकाश आत घेते. आकडा जितका लहान, तितका प्रकाश अधिक. पण एफ २.८ ची लेन्स दोन्ही प्रकारच्या कंपन्या बनवतात आणि हा आकडा सारखा असेल, तर प्रकाशही जवळपास सारखाच मिळतो. म्हणजे या घटकापुरते जास्तीचे पैसे नावासाठी जातात.

दुसरा घटक कॅमेरा आणि लेन्स यांच्या संवादाचा. हा मात्र खरा आहे. आजची लेन्स विजेच्या संपर्कबिंदूंतून कॅमेऱ्याशी बोलते. ती भाषा कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीची असते. दुसरी कंपनी ती परवान्याने मिळवते किंवा स्वतः उलगडून काढते. उलगडून काढलेली असल्यास नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स अडखळू शकते, आणि तिचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे लागते. सोनीच्या काही वेगवान कॅमेऱ्यांत कंपनीच्या लेन्सने सेकंदाला २० किंवा ३० छायाचित्रे निघतात, तर इतरांच्या लेन्सने १५ च. उडत्या पक्ष्याचे चित्र घेणाऱ्याला हा फरक मोठा आहे. मंगलाष्टकांच्या अक्षता टिपायला १५ पुरेशी आहेत.

तिसरा घटक धूळ आणि पावसापासून संरक्षणाचा, चौथा दुरुस्तीच्या सोयीचा आणि पाचवा पुनर्विक्रीचा. मूळ कंपनीची लेन्स सहसा अधिक भावाने विकली जाते. उरला सहावा घटक, नावाचा. त्यालाही हसू नये. आपल्याच जिल्ह्यातील केळीला ‘जळगाव केळी’ म्हणून २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मोल असते हे रावेरच्या व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. यजमान उपकरण पाहून काम देत असेल, तर तेही उत्पन्नच होय. फक्त तो खर्च जाहिरातीच्या खात्यात लिहावा, गुणवत्तेच्या खात्यात नव्हे. खातेच चुकले तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

अंधाराशी छायाचित्रकाराचा झगडा आपल्या भागाला नवा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली नेमणूक झाली. अनेक वर्षे खपून त्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. मात्र त्यांनी कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने निघाली होती, ती राहिली. गिल १८७९ साली निवर्तले. त्यांची कबर आपल्याच रेल्वेमार्गावर, भुसावळला आहे. पुढे १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी त्याच लेण्यांतील चित्रे अत्यंत मंद प्रकाशात टिपली आणि ती जगभर नावाजली गेली. या दोघांच्या चित्रांपुढे उभा राहणारा आज लेन्स कोणत्या कंपनीची होती, असे विचारत नाही. उपकरण लागतेच, पण त्यामागे सराव, धीर आणि प्रकाशाची जाण लागते, आणि ती दुकानात मिळत नाही.

आता रोजमेळाकडे वळू. पुढील आकडे समजण्यापुरते धरले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. नवी लेन्स दोन लाखांची, सहा वर्षांनी ती एक लाखाला विकली जाईल. वर्षाची घट सुमारे १६,७०० रुपये. भांडवलावर १२ टक्के व्याज धरले तर २४,०००. एकूण सुमारे ४०,७०० रुपये. जुनी लेन्स आज ५०,००० ची, सहा वर्षांनी १०,००० ची. तिची घट सुमारे ६,७००, व्याज ६,०००, एकूण सुमारे १२,७००. दोहोंत वर्षाला २८,००० रुपयांचा फरक. वर्षात ४० कामे असतील, तर प्रत्येक कामावर ७०० रुपये.

दुसरीकडे, हीच लेन्स दिवसाला १,५०० रुपये भाड्याने मिळते असे धरू. जुनी लेन्स ४० पैकी केवळ सहा कामांतच अपुरी पडत असेल, तर भाडे ९,००० रुपये. खरेदीचे कारण नाही. अशी कामे अठरा-एकोणीसच्या वर गेली, तर मात्र खरेदीच स्वस्त. म्हणून मुलाने गेल्या वर्षातील कामांची यादी काढावी आणि लेन्समुळे नेमके कोठे अडले ते पित्यासमोर लिहून ठेवावे. एका संध्याकाळी भाड्याची लेन्स आणून, त्याच कॅमेऱ्यावर दोन्ही लेन्सनी चित्रे घ्यावीत आणि कोणती कशाची हे न सांगता घरच्यांना दाखवावीत. पित्याने ती यादी आणि ती चित्रे पाहिल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नये. मुलाचा व्यवसाय हीदेखील त्या घरची एक पेढीच आहे. कापडाचा गठ्ठा घेताना जी चौकशी आपण करतो, तीच येथे करावी, कमी नाही आणि जास्तही नाही.

खरेदी ठरलीच, तर ती पक्क्या बिलावर व्हावी. बिलाविना, आडमार्गाने आलेला माल स्वस्त पडतो. पण त्यावर कंपनीची हमी मिळत नाही आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला जीएसटीचे क्रेडिटही मिळत नाही. याहून मोठी गोष्ट अशी की, अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि राज्याचे नियम मोडणे ही दोन्ही सांगितली आहेत. त्याच यादीत खऱ्याच्या नावावर बनावट माल खपवणेही आहे. स्वतःच्या नावाने विकला जाणारा दुसऱ्या कंपनीचा माल त्यात येत नाही. मूळ कंपनीच्या नावाची खोटी चिठ्ठी लावलेला येतो.

शेवटी परिग्रह-परिमाणाचा विचार. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केली नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली आहे. दोन लाखांची लेन्स अनासक्तीने वापरता येते, आणि वीस हजारांची लेन्सही मूर्च्छेचे कारण होऊ शकते. ही मूर्च्छा ओळखण्याची एक साधी खूण आहे. नवी वस्तू आली की जुनी घराबाहेर जाते का? व्यवसायासाठी घेतलेली लेन्स आली की जुनी विकावी, किंवा नव्याने शिकणाऱ्या एखाद्या होतकरू मुलाला रास्त भावात द्यावी. दोन्ही कपाटात राहिल्या आणि तिसरीची माहिती वाचणे सुरू झाले, तर गरज संपून मूर्च्छा सुरू झाली असे समजावे. श्रावकाने वर्षाच्या आरंभी कापड, भांडी, दागिने यांची मर्यादा ठरवताना उपकरणांचीही संख्या लिहून ठेवावी. संख्या ठरली की कोणती वस्तू घ्यावी हा प्रश्न बराच सोपा होतो, आणि घरातील बोलणेही.