हिरावलेल्या जागेचा दावेदार

प्रवेश विकत घेणाऱ्या धनिक पालकांना अमेरिकेत तुरुंगात जावे लागले, हे योग्यच झाले. पण ज्याची जागा गेली त्या विद्यार्थ्याची दखल कायद्याने अजूनही घेतलेली नाही.

श्रीमंतांसाठी महाविद्यालयीन प्रवेशाची वेगळी व्यवस्था असू शकत नाही आणि न्यायाचीही वेगळी व्यवस्था असणार नाही, अशी ग्वाही अमेरिकेचे सरकारी वकील अँड्र्यू लेलिंग यांनी १२ मार्च २०१९ रोजी बोस्टनमध्ये दिली होती. ‘ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज’ या तपासात पकडलेल्या ५० जणांवरील आरोप त्या दिवशी जाहीर झाले. त्यांत ३३ पालक होते. अभिनेत्री, उद्योजक, गुंतवणूक कंपन्यांचे प्रमुख आणि नामांकित वकील अशी ही मंडळी. एवढ्या वर्षांनंतर त्या ग्वाहीचा हिशेब मांडला, तर ती निम्मीच पाळली गेली असे म्हणावे लागते.

या घोटाळ्याचा सूत्रधार होता कॅलिफोर्नियातील प्रवेश सल्लागार विल्यम ‘रिक’ सिंगर. २०११ ते २०१८ या काळात त्याने पालकांकडून सुमारे अडीच कोटी डॉलर घेतले. एसएटी-एसीटी परीक्षांना मुलाऐवजी दुसराच बसे किंवा परीक्षा झाल्यावर उत्तरे दुरुस्त केली जात. येल, स्टॅनफर्ड, जॉर्जटाऊन, सदर्न कॅलिफोर्निया यांसारख्या विद्यापीठांच्या क्रीडा प्रशिक्षकांना पैसे चारून, मुलाने कधी न खेळलेल्या खेळातील गुणी खेळाडू म्हणून त्याला आत घेतले जाई. हा पैसा सिंगरच्या धर्मादाय संस्थेला दिलेली देणगी म्हणून दाखवला जाई आणि काही पालकांनी त्यावर करसवलतही उपटली. दुसऱ्याच्या मुलाची जागा घ्यायची आणि त्या खर्चाचा काही भार करदात्यांवर टाकायचा, असा हा दुहेरी अपराध होता.

शिक्षा झाल्या, हे महत्त्वाचे. मुलीच्या परीक्षेतील उत्तरे बदलून घेण्यासाठी १५ हजार डॉलर देणाऱ्या अभिनेत्री फेलिसिटी हफमन यांना १४ दिवसांची कैद झाली. पाच लाख डॉलर मोजणाऱ्या अभिनेत्री लोरी लॉफलिन यांना दोन महिने, तर त्यांच्या पतीला पाच महिने. एका बड्या विधी कंपनीच्या सहप्रमुखाला तुरुंगवास झालाच, शिवाय त्याची वकिलीची सनदही निलंबित झाली. दंडाची रक्कम अशा घरांना जाणवतही नाही, तुरुंगाचे दार मात्र जाणवते. त्यामुळे थोड्या दिवसांची का होईना, कैद देण्याचा न्यायालयांचा निर्णय योग्यच होता. तरीही प्रमाणाचा प्रश्न उरतो. जॉर्जटाऊनच्या टेनिस प्रशिक्षकाला लाच घेतल्याबद्दल अडीच वर्षे आणि लाच देणाऱ्या बहुतेक पालकांना काही आठवडे किंवा काही महिने. आपल्या वडिलांचा पत्ता देऊन मुलींना शेजारच्या चांगल्या सरकारी शाळेत घालणाऱ्या ओहायो राज्यातील एका कृष्णवर्णीय मातेला २०११ मध्ये दहा दिवसांची कैद सुनावली गेली होती. हफमन यांची शिक्षा तिच्यापेक्षा जेमतेम चार दिवसांनी अधिक ठरली.

या पालकांची बाजू घेताना मुलांवरील प्रेमाचा दाखला दिला गेला. तो मान्य करता येणार नाही. यातील अनेक मुलांना आईवडिलांनी काय केले याचा पत्ताही नव्हता. आपल्या कुवतीवर घरातल्यांचाच विश्वास नव्हता, हे त्यांना बातम्यांतून कळले. कोणाचा प्रवेश रद्द झाला, कोणाला शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मुलाची वाट सुकर करायला निघालेल्या पालकांनीच त्याच्या नावाला आयुष्यभराचा डाग लावला.

परंतु या प्रकरणाचा खरा धडा शिक्षेच्या दिवसांत नाही. तो मे २०२३ मधील एका निकालात आहे. ज्युरीने दोषी ठरवलेल्या दोन पालकांची शिक्षा बोस्टनच्या संघीय अपील न्यायालयाने, करविषयक एक आरोप वगळता, रद्द केली. एक प्रमुख कारण असे की त्यांचा पैसा कोणा प्रशिक्षकाच्या खिशात न जाता विद्यापीठाच्याच खात्यात जाणार होता. विद्यापीठाची फसवणूक झाली म्हणता, मग त्यालाच दिलेल्या पैशाला लाच कसे म्हणायचे, हा न्यायालयाचा सवाल कायद्याच्या चौकटीत चुकीचा नव्हता. चौकटच तोकडी आहे. पीडित कोण, या प्रश्नाला तिच्याकडे ‘विद्यापीठ’ एवढे एकच उत्तर आहे. रात्र रात्र अभ्यास करून अर्ज भरणारी आणि यादीत नाव न दिसल्याने स्वतःलाच कमी समजणारी मुलगी त्या खटल्यात कुठेच नव्हती. तिचे नाव कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तिचे नुकसान मोजलेही जात नाही.

म्हणूनच प्रवेशाची राजरोस खरेदीही निर्धोक चालते. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेसाठी घसघशीत देणगी देणाऱ्याच्या मुलाला झुकते माप मिळते आणि तो गुन्हा ठरत नाही. यालाच सिंगर ‘मागचा दरवाजा’ म्हणे आणि आपली ‘बाजूची वाट’ त्याहून कितीतरी स्वस्त असल्याचे पालकांना पटवून देई. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की परीक्षेत सारखेच गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले आयव्ही लीग व तत्सम विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. त्यामागे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दिले जाणारे प्राधान्य हे एक मोठे कारण आहे. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांतील देणगीदार व माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्राधान्य बंद केले. पाऊल स्वागतार्ह आहे. पण उल्लंघनाला आर्थिक दंडही नसेल, तर कायद्याचा वचक राहणार कसा?

हे वाचताना महाराष्ट्राने नामानिराळे राहू नये. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले होते. पुढच्याच वर्षी राज्याने कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला. पण त्याचा रोख पैसे घेणाऱ्या संस्थेवर आहे. पैसे मोजणाऱ्या पालकाकडे समाज आजही ‘पोरासाठी केलं बिचाऱ्यानं’ अशा सहानुभूतीनेच पाहतो. ही सहानुभूतीच या बाजाराचे भांडवल आहे.

प्रवेशातील फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा मानला पाहिजे, मग पैसा प्रशिक्षकाच्या खिशात जावो की संस्थेच्या तिजोरीत. देणाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्याइतकीच धरली जावी आणि दंड त्याच्या ऐपतीनुसार ठरावा. देणगीदारांच्या मुलांना दिलेला प्रत्येक प्रवेश संस्थेने दरवर्षी जाहीर करावा. शिक्षणसंस्थेतील जागा ही तिची खासगी मालमत्ता नसून समाजाने विश्वासाने तिच्या हाती दिलेली ठेव आहे, हे कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले गेले, तरच जागा हिरावलेल्या विद्यार्थ्याला न्यायालयात दावेदार म्हणून उभे राहता येईल.