पायऱ्या कोण धुणार?

पाऊस सरला, पूर ओसरला की बनारसच्या अहिल्याबाई घाटावर पंप लागतात. गंगेनं पायऱ्यांवर टाकलेला गाळ फवाऱ्यानं पुन्हा गंगेत ढकलायचा, दगड दिसेपर्यंत. तो खटाटोप बघत बसलो होतो, तेव्हा ब्रह्माघाटावरच्या एका मराठी घरातल्या मुलानं विचारलं, "काका, बनारसी साड्यांचं ऑनलाइन दुकान काढतोय. पीएचपी घेऊ, पायथॉन की सरळ जावा?"

"रात्री अकराला दुकान बंद पडलं, तर कुणाला उठवशील?"

तो गप्प.

प्रोग्रामिंगच्या भाषेवरून भांडणाऱ्यांनी जुनी ऑनलाइन दुकानं बघावीत. ईबे १९९५मध्ये पर्लवर उभं राहिलं, पुढं सी प्लस प्लसवर गेलं, मग जावावर. शॉपिफायचा टोबियास ल्युटके २००४मध्ये स्नोबोर्ड विकत होता. त्यानं रुबी ऑन रेल्स घेतलं. दुकानं उभारून देणारी वूकॉमर्स आणि मॅजेंटो पीएचपीत आहेत. चालली सगळीच.

दुकान बुडतं ते दुसरीकडं. जावास्क्रिप्टला ०.१ अधिक ०.२ किती ते विचारा. सतराव्या दशांशस्थानी एक ४ चिकटून येतो. पायथॉन आणि जावाही तेच करतात, कारण यंत्र दशांश द्विमान पद्धतीत साठवतं. म्हणून पैशाचा हिशेब पूर्णांकात, पैशांतच ठेवायचा: साडेचार हजारांची साडी म्हणजे ४,५०,००० पैसे. दुसरी गोष्ट मालाची. हातमागाची साडी एकच नग. दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी 'खरेदी करा' दाबलं, तर एकालाच मिळावी, यासाठी डेटाबेसमध्ये तो नग कुलूपबंद करावा लागतो. त्यात भाषेचा वाटा नगण्य.

मग भाषा निवडायची कशावरून? हाकेच्या अंतरावर कोण आहे, यावरून. लहान शहरात पीएचपी जाणणारा हमखास भेटतो, होस्टिंगही स्वस्त पडतं. स्वतःला पायथॉन येत असेल, तर त्यातलं जँगो घ्या. गिऱ्हाईक वाढलं की बदलता येतं. ईबेनं दोनदा बदललं.

ज्यांच्या नावाचा हा घाट, त्या अहिल्याबाईंनी देवळं बांधली, तशा पूजाअर्चेचा खर्च चालावा म्हणून नेमणुकाही लावून दिल्या. बांधणाऱ्यानं मागच्या खर्चाचंही बघायचं असतं.

फवारा चौथ्या पायरीवर आला, तेव्हा मुलगा म्हणाला, "मामेभाऊ पीएचपी करतो. गल्लीतच राहतो."

"रात्री अकराला उठेल?"

"आई उठवेल त्याला."

"मग ठरलं की!"