बिनविरोध

'बिनविरोध' या शब्दाला मराठी माणूस इतका मान देतो, की लग्नपत्रिकेत 'श्री गणेश प्रसन्न'च्या खाली तो छापायचा तेवढा राहिला आहे. ग्रामपंचायत बिनविरोध, पतपेढी बिनविरोध, वाचनालय बिनविरोध, गणेश मंडळ तर विचारूच नका! सत्काराच्या सभेत वक्ता 'यांची निवड बिनविरोध झाली' असे म्हणतो आणि टाळ्या पडतात. एकाही माणसाने मत दिले नाही, याबद्दलच्या त्या टाळ्या असतात.

माझे म्हणणे सरळ आहे. बिनविरोध निवड हा निवडलेल्याचा गौरव नव्हे, तो न विचारलेल्यांचा अपमान आहे. आणि हे म्हणायचे बळ मला परभणीच्या कुठल्या पुढाऱ्याने नव्हे, संगणकवाल्यांनी दिले.

आमची पुतणी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. दिवसा पगारासाठी प्रोग्रॅम लिहिते आणि रात्री फुकट लिहिते. रात्रीच्या या उद्योगाला 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणतात. देशोदेशीची मंडळी मिळून ते लिहितात आणि जगाला वाटून टाकतात. आमचे दादा शेतकरी माणूस. त्यांना हे पटेना. तेव्हा तिने ज्वारीवर आणून समजावले. "दादा, हायब्रीडचं बी दरसाली पिशवी फोडून विकत घ्यावं लागतं का नाही? आन् आपल्या विद्यापीठाची 'परभणी मोती' पेरली तर घरचं बी राखता येतं, शेजाऱ्याला पायलीभर देता येतं. विकतचं सॉफ्टवेअर म्हणजे हायब्रीड. आमचं हे घरचं बी. उघडून पाहा, सुधारा, वाटा."

दादांना ज्वारी कळली, सॉफ्टवेअरही कळले. कळले नाही ते पुढचेच. तिच्या त्या मंडळात प्रमुखाची निवडणूक होती आणि ती उभी राहणार होती.

"काहून उभी राहायलीस बाई?" दादा म्हणाले. "पडलीस म्हंजे?" मग थोडा विचार करून, "त्या दुसऱ्याची समजूत घालता येती का बघ. बिनविरोध होत असलं तर राहा."

दादांना दोष देण्यात अर्थ नाही. अख्खा महाराष्ट्र असाच विचार करतो. पण या संगणकवाल्यांची रीत पाहिली, की आपल्या सगळ्या समित्यांना एकदा तिकडे सहलीला न्यावे असे वाटते.

त्यांच्यातली एक जुनी आणि मोठी संस्था म्हणजे डेबियन. १९९३ मध्ये इयान मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ती सुरू केली. मैत्रीण डेब्रा आणि आपण इयान, मिळून डेबियन. उखाण्यात नाव घेण्याची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नये! २०१३ मध्ये अंतराळ स्थानकातल्या लॅपटॉपांवरसुद्धा हे डेबियन बसवायचे ठरले.

या संस्थेचा प्रमुख दरवर्षी निवडतात. मतदार साधारण हजार, जगभर पांगलेले. पगार नाही, गाडी नाही, लाल दिवा नाही. अधिकार म्हणावे, तर संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवले आहे की कोणावरही काम करण्याची सक्ती नाही. म्हणजे प्रमुखाने 'हे करा' म्हटले आणि समोरचा 'नाही करत जा' म्हणाला, तर विषय संपला. आपल्याकडे अशा पदाला घरातला कर्ता पुरुष म्हणतात.

तरीही या पदासाठी माणसे उभी राहतात. प्रत्येकाने आपण काय करणार ते सविस्तर लिहून सर्वांपुढे ठेवायचे. मग कोणीही उठावे आणि वाटेल तो प्रश्न विचारावा, उत्तरे सगळ्यांसमक्ष. मत देताना एकावर शिक्का मारायचा नाही, पसंतीचे क्रम लावायचे. मोजणीत प्रत्येक उमेदवाराची प्रत्येकाशी वेगळी कुस्ती लावतात.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या मतपत्रिकेवर एक कायमचा उमेदवार असतो : 'वरीलपैकी कोणीही नाही'. संस्थेच्या इतर ठरावांच्या मतपत्रिकेवर पूर्वी त्याचे नाव 'आणखी चर्चा' असे होते. (हा उमेदवार महाराष्ट्रात उभा राहिला तर डिपॉझिट तर वाचेलच, पण बहुधा मुख्यमंत्रीही होईल!) तो जिंकला तर निवडणूक पुन्हा घ्यायची, तरीही जिंकला तर पुन्हा. २०२३ मध्ये जोनाथन कार्टर हा एकच उमेदवार उरला. आपल्याकडे त्या संध्याकाळीच गुलाल उधळला असता. तिथे मतदान झाले. एका बाजूला कार्टर, दुसऱ्या बाजूला 'कोणीही नाही'. कार्टर जिंकला, पण मोजून घेऊन जिंकला.

आपल्याकडे 'नोटा'चे बटण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिले. २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांत नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक, असेही ठरवले. उत्तम झाले. पण उमेदवार आधीच बिनविरोध झाला, तर ते बटण दाबायचे कुठे? स्वयंपाकघरात?

उलट बिनविरोधाला आपण बक्षिसे लावतो. २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायती बिनविरोध करणाऱ्या गावांना लाखांचा निधी देण्याच्या घोषणा आमदारांनी केल्या. आणि पुढच्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातले उमराणे नि नंदुरबारातले खोंडामळी इथल्या निवडणुका आयोगाला रद्द कराव्या लागल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता. एकमत विकत मिळते, हे कळल्यावर मते मोजण्याचा त्रास कोण घेईल?

यावर सुशिक्षितांचा ठरलेला आक्षेप असतो. "अहो, निवडणुकीत चांगल्या माणसांची शोभा होते." आणि लगेच साहित्य संमेलनाचा दाखला. आमच्या परभणीतही १९९५ मध्ये अडुसष्टावे संमेलन झाले; अध्यक्ष नारायण सुर्वे होते. त्या काळी या पदासाठी निवडणूक होई. त्याआधी १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाला रमेश मंत्री निवडून आले आणि इंदिरा संत हरल्या. ती हळहळ अजून संपलेली नाही. अखेर निवडणूकच काढून टाकली, आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष एकमताने ठरवू लागले. अरुणा ढेरे त्या मानाला पात्र होत्याच. पण मला सांगा, इंदिराबाई हरल्या म्हणून त्यांच्या कवितेची एक ओळ तरी कमी झाली काय? शोभा झाली असेल तर ती मत देणाऱ्या हजारभरांची झाली.

खरे दुखणे आपल्या भाषेत आहे. जिंकणारा 'निवडून येतो' आणि हरणारा 'पडतो'. जणू विहिरीत! एकदा पडलेल्याला गावात तोंड दाखवायची चोरी. म्हणून शहाणी माणसे उभीच राहत नाहीत, आणि जी उभी राहतात ती दुसऱ्याला बसवून मगच.

केरळच्या श्रुती चंद्रन यांचे उदाहरण घ्या. २०२० मध्ये त्या डेबियनच्या प्रमुखपदासाठी उभ्या राहिल्या. या पुरुषांच्या मेळ्यात बायका इतक्या कमी का, हा प्रश्न सर्वांनी तोंडावर ऐकावा, हा एक हेतू. हरल्या. २०२१ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा हरल्या. मधल्या काळात रुसून घरी बसल्या नाहीत, काम करीत राहिल्या. २०२४ मध्ये पुन्हा उभ्या. या वेळी जिंकला तो आंद्रेआस टिले, जर्मन. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या छाती फुगवून सांगतो. जर्मनीने आपले काम केले. भारताच्या वतीने केरळ तीन तीनदा लढले. परभणी मात्र पारावर बसून दुसऱ्याची समजूत घालीत होती.

आमची पुतणी हरली, तेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी रात्री ती पुन्हा कामाला बसली, आणि जिंकलेल्या गृहस्थाने पहिले पत्र तिलाच लिहिले : तुमच्या जाहीरनाम्यातला तिसरा मुद्दा मी घेऊ का? बिनविरोध झाले असते तर तो मुद्दा जन्मालाच आला नसता.

म्हणून माझी मागणी एवढीच. प्रत्येक पतपेढीत, वाचनालयात, मंडळात उमेदवार एकच असला तरी मतपेटी ठेवा, आणि त्याच्यासमोर 'कोणीही नाही' उभा करा. त्यालाही जो हरवू शकत नाही, त्याचा सत्कार कसला करता?

सुरुवात म्हणून आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी मी यंदा अर्ज भरला आहे. आजवर तिघेजण येऊन समजूत घालून गेले. चौथे तर स्वतःच्या घरून चिवडा घेऊन आले. चिवडा ठेवून घेतला, अर्ज मागे घेणार नाही. पडलो तर पडलो. पण मोजून पडेन.