दूरध्वनीवरील सल्ला आणि रुग्णाचा हक्क

भामरागडच्या शेतमजुराला गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञापर्यंत पोहोचायचे, तर त्याची व सोबत्याची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. आणि तेथे ‘रक्त तपासून पुन्हा या’ एवढेच ऐकावे लागले, तर सारेच वाया जाते. सरकारी हिशेबात हा खर्च कोठेच दिसत नाही. म्हणून भेटीपूर्वी दूरध्वनीवर सल्ला मिळण्याची सोय स्वागतार्ह होय. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘ई-संजीवनी’ सेवा आरोग्य केंद्रातील रुग्णाला तज्ज्ञाशी जोडते.

परंतु पोट दाबून पाहणे दूरध्वनीला साधत नाही. केवळ आवाजावरून पहिल्याच सल्ल्यात कोणती औषधे द्यावीत, यावर त्या तत्त्वांनीच मर्यादा घातली आहे. तेव्हा आरोग्यसेविकेच्या उपस्थितीत संभाषण, त्याची लेखी नोंद आणि गरज भासल्यास प्रत्यक्ष भेटीची निश्चित तारीख, या तीन गोष्टींचा आग्रह कार्यकर्त्यांनी प्रत्येक आरोग्य केंद्रावर धरला पाहिजे. वाचलेला प्रवास हा रुग्णाचा लाभ. तज्ज्ञाची रिकामी ठेवलेली जागा ही सरकारची बचत. या दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये.