शस्त्रक्रियेच्या सकाळची गोळी

गेल्या पावसाळ्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेले एक काका आदल्या संध्याकाळी माझ्या दवाखान्यात आले. मी सहज विचारले, "मेटोप्रोलॉल चालू आहे ना?" ते म्हणाले, "उपाशी राहायला सांगितलंय ना डॉक्टर, म्हणून परवापासून सगळ्याच गोळ्या बंद केल्या." नाडी पाहिली, तर मिनिटाला ११२ ठोके. भूलतज्ज्ञांशी बोलून शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकलली. काका नाराज झाले. मला मात्र हायसे वाटले.

श्वासनलिकेत नळी घालताना आणि भूल उतरताना शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते. त्याने नाडी व रक्तदाब चढतात आणि दुबळ्या हृदयाची लय बिघडू शकते. क्लोरोफॉर्मच्या काळात रुग्ण अचानक दगावत. लेव्ही या संशोधकाने १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनॅलिनमुळे हृदय नुसते थरथरू लागते आणि रक्ताभिसरण थांबते.

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही बीटा-ब्लॉकर औषधे ॲड्रेनॅलिनच्या या माऱ्यापासून हृदयाचे रक्षण करतात. रोजची गोळी एकाएकी सोडली, की हृदय पूर्वीपेक्षाही अधिक संवेदनशील होते. मात्र गोळी चांगली म्हणून शस्त्रक्रियेच्या तोंडावर ती नव्याने सुरू करणेही हिताचे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

शस्त्रक्रियागृहात लय बिघडलीच, तर भूलतज्ज्ञांजवळ उपाय असतात: काही मिनिटांतच प्रभाव ओसरणारे एस्मोलॉल, जलद लयीसाठी अमिओडॅरोन किंवा लिडोकेन, विशिष्ट प्रसंगी मॅग्नेशियम आणि नाडी फार मंदावल्यास ॲट्रोपिन. परंतु त्यांची निवड अचूक व्हावी, यासाठी रुग्णाची औषधे त्यांना ठाऊक हवीत.

म्हणून वाचकहो, भूलपूर्व तपासणीला जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. आयुर्वेदिक औषधेही लपवू नका. 'सकाळी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही?' हे विचारून कागदावर लिहून घ्या. बीटा-ब्लॉकर बहुधा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे नियम निराळे असतात. उपवास अन्नाचा असतो, सरसकट औषधांचा नव्हे.

काकांची शस्त्रक्रिया पुढे सुखरूप पार पडली. त्या सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि तसे मला दूरध्वनीवरून आवर्जून कळवलेही!