वाल सोला, पणत्या वळा

ठाण्याच्या टेंभीनाक्याजवळचं शार हाशामाइम सिनेगॉग १८७९ सालचं, तिथल्या बेने इस्रायली ज्यू घरांची बोली मराठी. तरी हनुक्का हा दिव्यांचा सण आला की बालवाडीतल्या मुलांसाठी तयार क्राफ्ट-किट मागवायचं, म्हणजे ज्योती कुणीतरी आधीच कापलेल्या आणि मुलाने त्या फक्त चिकटवायच्या. बोटांना काम काय उरलं? त्यापेक्षा शाडूचा गोळा द्या. अंगठ्याने दाबून आठ पणत्या आणि त्या पेटवणारी नववी थोडी उंच. वाकड्या झाल्या तरी चालतील, तेल मोठ्यांनी घालावं. कापसाची वात वळणं तर पेन्सिल धरण्याची उत्तम पूर्वतयारी, आणि ते आजीइतकं कुठल्याच टीचरला येत नाही. खरा खजिना मात्र स्वयंपाकघरात आहे. बेने इस्रायलींच्या बिरड्याच्या सणाला, म्हणजे तिशा बआवच्या शोकदिनी, केळीच्या पानावर भात आणि बिरडं वाढायची जुनी रीत. बिरड्यासाठी भिजवून मोड आणलेला वाल दोन बोटांच्या चिमटीत धरून सालातून सटकन बाहेर काढायचा, याहून चांगला बोटांचा व्यायाम मला माहीत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, बिया, पानं, शंख-शिंपल्यांवरच बालवाड्या चालवल्या. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्येही वाल मिळतोच. फक्त तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती तो देऊ नका. थेट नाकात जातो.